पगारपत्रकातले दोनशे रुपये

मी सॉफ्टवेअरवाला, वकील नाही. पण आमच्याकडे ग्राहकाने काही नवीन मागितलं की "होऊन जाईल" म्हणण्याआधी किती माणसं, किती महिने, किती पैसे, हे लिहून द्यावं लागतं. कायदा करणाऱ्यांनाही हे बंधन आहे. ते आज वणीत सांगतोय.

माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. पहिल्या नोकरीत मी यावर घरी कुरकुरलो, तेव्हा दादी म्हणाली, "रोजगार हमीवर मी खडी फोडली. ती मजुरी काय आभाळातून आली?" नंतर वाचलं. हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये आणला तोच मुख्यतः रोजगार हमीसाठी. हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. कराच्या वसुलीइतकीच रक्कम सरकारने स्वतःची घालायची, असंही कायद्यात लिहिलं. आधी पैशाची वाट, मग हमी.

आता दुसरं टोक. शिक्षण हक्काचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं. त्याच्या वित्तीय ज्ञापनात सरकारने म्हटलं, खर्चाचा आकडा आत्ता सांगता येत नाही. तरी कायदा झाला, आणि व्हायलाच हवा होता. माझा भाचा त्याच २५ टक्क्यांतून शाळेत गेला. पण शाळेने मध्येच "सरकारकडून पैसे आले नाहीत" म्हणत त्याच्या अम्मीकडे फी मागितली. ती घाबरून माझ्याकडे आली. ज्ञापनातला तो न लिहिलेला आकडा असा आमच्या दारात आला.

वित्तीय ज्ञापन विधेयकाला जोडलेलं असतं. लोकसभेत ते नियम ६९ खाली लागतं. राज्यात एकत्रित निधीतून खर्च होणार असेल, तर अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांची शिफारस लागते. पुष्कळदा तिथे "जादा खर्च नाही" एवढंच असतं, आणि सभागृहात त्यावर कुणी उठून बोलत नाही. अमेरिकेत खर्चाचा अंदाज काढायला १९७४ पासून संसदेचंच वेगळं कार्यालय आहे. आपल्याकडे अंदाज तोच देतो, ज्याला विधेयक मंजूर करून घ्यायचंय!

म्हणून आमदार गावात आले की रस्त्याबरोबर हेही विचारा: ज्या विधेयकाला तुम्ही हात वर केलात, त्याचं ज्ञापन वाचलंत का? माझ्या फोनवर एका विधेयकाची प्रत आहे. चहा झाला की तिचं ज्ञापन बसून वाचू.