खो द्या, खो घ्या
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कार्यकारिणीच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत जेवणानंतर सांघिक खेळ छापले आहेत. पत्रिका घरोघर गेल्यापासून आमच्याकडे एकच विचारणा वारंवार आली. "या वयात आम्हाला कशाला पळवता? त्याऐवजी एखादे नाटक ठेवा, गाणे ठेवा. आम्ही बघू." सूचना आपुलकीची आहे, तिचा आम्हाला राग नाही. पण त्यातील 'आम्ही बघू' हे दोन शब्द काही आमच्या मनातून जाईनात. म्हणून आज अहवाल बाजूला ठेवून याच दोन शब्दांविषयी बोलायचे ठरवले आहे.

बघायला येणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. गणेशोत्सव असो, कोजागरी असो, व्याख्यान असो, खुर्च्या भरतात. पण मांडव घालायला, वर्गणी गोळा करायला, महापालिकेत अर्ज घेऊन जायला, नाटकाच्या तालमीला वेळेवर यायला जी माणसे लागतात ती त्याच पाच-सात घरांतून येतात. ती थकली की उपक्रम थांबतो. मंडळ म्हणजे नाट्यगृह नव्हे. प्रेक्षकांनी भरलेले मंडळ आतून रिकामेच असते.

आपल्या शेजाऱ्यांकडे पाहा. नवरात्रात याच शहरात हजारो माणसे एका तालावर गरबा खेळतात. तेथे आजी फेर धरते, नातही धरते. ज्याला नीट येत नाही तो मागच्या फेरात उभा राहून शिकतो. त्या समाजाची एकजूट केवळ भाषणांतून आलेली नाही, ती वर्षातून नऊ रात्री पायांनी घोटली जाते.

मग आपल्याकडे असे काहीच नव्हते का? होते, आणि बडोद्याइतके ते फार थोड्या गावांत होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या या नगरीत जुम्मादादा व्यायाममंदिर उभे राहिले. राजरत्न प्रोफेसर माणिकरावांनी तेथे पिढ्या घडवल्या आणि सांघिक व्यायामाला, म्हणजे शेकडो जणांनी एका आज्ञेवर करायच्या कवायतीला, देशी भाषेतील आज्ञा देऊन शिस्त लावली. मराठीतला 'व्यायाम ज्ञानकोश' द. चिं. मुजुमदारांनी संपादित केला तो याच बडोद्यातून. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. पुढे १९२३-२४ च्या सुमारास आपल्या हिंदविजय जिमखान्याने हुतुतू आणि खो-खोच्या नियमांना आकार दिला. गल्लोगल्ली वेगवेगळ्या तऱ्हेने खेळले जाणारे खेळ देशभर एकाच नियमाने खेळता यावेत, या कामात बडोद्याचा मोठा वाटा आहे. तेव्हा सांघिक खेळ ही कुणा कंपनीच्या प्रशिक्षण शिबिरातून उचललेली नवी टूम आहे, असे कृपा करून समजू नका. कंपन्या आज त्यासाठी पैसे मोजतात. आपल्या घरात ते पूर्वीपासून आहे, फक्त माळ्यावर पडले आहे.

दुपारसाठी आम्ही खो-खो निवडला याला कारण आहे. संस्था कशी चालावी याचे सगळे धडे या एका खेळात आहेत.

आठ गडी मधल्या पट्टीवर, एक इकडे तोंड करून तर एक तिकडे तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. समोर तीनच पळणारे असतात. पण पाठलाग करणारा कितीही चपळ असला तरी त्याला एकट्याने ते तिघे सापडत नाहीत. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की उलट फिरता येत नाही. पळणारा पलीकडे गेला की याचा मार्ग खुंटला. मग एकच उपाय उरतो. बसलेल्या गड्याच्या पाठीशी जाऊन त्याला खो द्यायचा. म्हणजे वेग कितीही असो, योग्य वेळी दुसऱ्याला उठवता आले पाहिजे.

दुसरा धडा आम्हा पदाधिकाऱ्यांसाठी आणि सर्व ज्येष्ठांसाठी. खो देणारा मैदान सोडून जात नाही. ज्याला उठवले त्याच्याच जागेवर तो लगेच बसतो आणि पुन्हा तयार राहतो. आपल्याकडे पद सोडणे म्हणजे घरी बसणे, असा समज आहे. त्यामुळे कोणी पद सोडत नाही, आणि सोडले तर रुसून सोडतो. खजिनदाराने तरुणाच्या हाती वही द्यावी आणि त्याच्या शेजारी बसावे. अडले तिथे सांगावे. यात कमीपणा कसला?

तिसरा धडा तरुणांसाठी. बसलेल्या गड्याला खो मिळण्याआधी उठता येत नाही, हे खरे. पण तो बेसावध बसत नाही. उकिडवा बसतो, एक पाय मागे रोवतो, डोळे पळणाऱ्यावर ठेवतो. 'आम्हाला कोणी विचारत नाही' ही तुमची तक्रार आम्ही ऐकली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. मात्र ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी तुम्ही मोबाइलमध्ये मान घालून बसलेले असू नये.

आणि चौथा धडा सगळ्यांसाठी. खो मोठ्याने द्यावा लागतो. मनातल्या मनात दिलेला खो पंच मानत नाहीत. काम सांगायचे तर नाव घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगावे. आपल्या भाषेची गंमत पाहा. मैदानावर खो दिला की खेळ पुढे सरकतो, आणि सभेत कोणी 'खो घातला' की काम अडते. आपल्या बैठकांत यांपैकी कोणता खो जास्त ऐकू येतो, ते प्रत्येकाने मनाशी ठरवावे.

नाव घेऊन काम सांगण्यावर आमचा एवढा भर का, त्याला शास्त्राचाही आधार आहे. मॅक्सिमिलियन रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो तेवढा तो गटात लावत नाही. आठ जणांच्या गटात दर माणशी जोर जवळजवळ निम्म्यावर आला. थोडा दोष एकाच क्षणी सगळ्यांचा जोर न लागण्याचा होता. पण तेवढाच नव्हता. अमेरिकेत १९७९ मध्ये लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या आणि आरोळ्यांवर असाच प्रयोग केला. गटात प्रत्येकाचा आवाज उतरला. मग १९८१ मध्ये त्यांनीच दाखवून दिले की, प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार हे कळले, की ही टाळाटाळ नाहीशी होते.

बंधू-भगिनींनो, हे प्रयोग वाचताना आम्हाला आपली सर्वसाधारण सभा आठवली. 'सर्वांनी सहकार्य करावे' असे आपण दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी कोणीही करत नाही. 'सर्वांनी' म्हणजे कोणीच नाही. माणूस आळशी असतो म्हणून नव्हे, तर आपल्यावाचून अडेल असे त्याला वाटत नाही म्हणून.

आता कोणी विचारील, खेळाचा आणि समाजाच्या राजकीय प्रश्नांचा संबंध काय? संबंध सरळ आहे. राज्यघटनेच्या ३५० क या अनुच्छेदाने, जो १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आला, भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरवण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे आणि स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले आहे. पण हा अनुच्छेद स्वतःहून महापालिकेत चालत जात नाही. तो घेऊन पालकांना जावे लागते. एक पालक गेला तर त्याला पुढच्या आठवड्यात यायला सांगतात. चाळीस पालक एका अर्जावर सह्या करून, एका दिवशी, एका वेळी गेले तर खुर्ची पुढे करतात. ते चाळीस जण एकमेकांना ओळखत नसतील, कधी एका संघात खेळले नसतील, तर त्या सकाळी त्यांतले सात येतात. २०२७ च्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना असेल. आपल्या प्रत्येक घराने तेथे मराठी लिहून घ्यावे यासाठी दारोदार जाणारी माणसे लागतील. निवडणुकीत उमेदवारांना आपले प्रश्न विचारायचे तरी आधी आपापसांत एकमत लागते. सवय मैदानावर लागते, उपयोग मैदानाबाहेर होतो.

पूर्वी दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथे ही सवय वाड्यातच लागत असे. आज आपली घरे मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोडपर्यंत विखुरली आहेत. शेजार मराठी राहिला नाही, याचे दुःख करत बसण्यात अर्थ नाही. शेजार मिळत नसेल तर संघ बांधावा लागेल. २०१८ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात झाले, तेव्हा बाहेरगावच्या लोकांनी आपल्या आतिथ्याचे कौतुक केले. ते आतिथ्य खुर्चीवर बसलेल्यांनी केले नव्हते, हे आपण जाणतो.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण बोलली पाहिजे. आपल्या घरांत आता गुजराती सुना आणि जावई आहेत. नातवंडे इंग्रजी शाळांत जातात. मराठी बोलताना ती अडखळतात, कोणी हसेल म्हणून गप्प बसतात, आणि हळूहळू मंडळात येणेच सोडतात. त्यांना व्याख्यानाला बसवून मराठी येणार नाही. पण 'खो' म्हणायला व्याकरण लागत नाही. पळ, बस, ऊठ, डावीकडे, शाब्बास! एका डावात पन्नास मराठी शब्द कानावरून जातात, आणि ते सांगणारा माणूस आपल्या बाजूचा असतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्रातले आहेत. हे नातवंडांना जरूर सांगा. ज्या खेळाची त्यांना लाज वाटते त्याचा आज विश्वचषक आहे.

आता आमची योजना थोडक्यात सांगतो.

दुपारच्या टोळ्या नऊ-नऊ जणांच्या असतील. एका घरातली माणसे एका टोळीत येणार नाहीत, आणि प्रत्येक टोळीत तीन पिढ्या असतील. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पळायचे नाही, पण त्यांनाही बाकावर बसून राहता येणार नाही. कोणी पंच होईल, कोणी घड्याळ धरील, कोणी गुण लिहील. प्रत्येकाचे नाव आणि काम फळ्यावर लिहिले आहे. नव्या सुनांना आणि जावयांना पहिला खो मिळेल.

खेळ संपला म्हणून टोळ्या मोडायच्या नाहीत. हीच टोळी वर्षभर एक काम पाहील. एकीकडे गणेशोत्सवाचा मांडव, दुसरीकडे ग्रंथालय, तिसरीकडे शाळाप्रवेशाच्या दिवसांत पालकांच्या भेटी, चौथीकडे जनगणनेची जागृती. दर तीन महिन्यांनी टोळीप्रमुख बदलेल आणि जुना प्रमुख त्याच टोळीत राहील. कोणते काम कोणी केले ते या वार्तापत्रात नावानिशी छापू. राहिले असेल तर राहिले असेही छापू, पण त्याखाली कोणाचे नाव घालणार नाही. लाज आणणे हा हेतू नाही, आठवण राहावी एवढाच आहे.

आमची आपल्याला एकच विनंती आहे. दुपारी अडीच वाजता आपले नाव पुकारले जाईल. तेव्हा शेजारच्याकडे बोट दाखवू नका, उठा. पडलात तर उचलायला आठ जण आहेत. हरलात तर चहा दोन्ही बाजूंना सारखाच मिळणार आहे.

चुना आखून झाला आहे, खांब रोवले आहेत. भोजनानंतर मैदानावर भेटू.