हिंवाळ्यांतील सायकलीचें चाक

(नभोवाणीवरील भाषण)



आपल्याकडील सायकलस्वाराला चाकाची आठवण होते ती खड्डा आला म्हणजे, किंवा बाभळीचा कांटा रुतला म्हणजे. एरवीं चाक फिरावयाचेंच, अशी आपली समजूत. टायर बदलले, ट्यूबा बदलल्या, ब्रेकचीं रबरें बदललीं, पण रिम मात्र वडिलांच्या वेळची, असे गृहस्थ मीं पुण्याच्या पेठांतून पाहिले आहेत. हीच समजूत बरोबर घेऊन मी इंग्लंडांत गेलों आणि मँचेस्टरच्या दुसऱ्या हिंवाळ्यांत तिची किंमत मोजली.

फेब्रुवारीची सकाळ होती. नीट उजाडलेंही नव्हतें. सिग्नलापाशीं ब्रेक दाबला, तोंच बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि पुढील चाक जागच्या जागीं अडकलें. रिमची एक बाजू वीतभर फाटून बाहेर आली होती. मी डावीकडे फुटपाथवर पडलों म्हणून मनगटावर निभावलें. उजवीकडे पडतों तर मागून बस येत होती. चाकाला अवघे सोळा महिने झाले होते, आणि विकतांना दुकानदारानें ‘ह्याकडे आतां वर्षानुवर्षें पाहावयास नको’ असें सांगितलें होतें.

शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं ब्रिटनला गेलेलीं मुलें-मुली आज बऱ्याच मराठी घरांत आहेत. खोलीचें भाडें आणि बसचें भाडें हीं दोन्ही देऊन महिना पुरा पडत नाहीं असें दिसलें कीं त्यांतलीं कांहीं सायकलीकडे वळतात. जुन्या बाजारांत स्वस्त मिळते ती बहुधा शर्यतीच्या घाटाची हलकी सायकल. तिकडे तिला रोड बाइक म्हणतात. तिचे ब्रेक रिमला दोहों बाजूंनीं चिमटा घेणारे असतात. मुख्यतः ह्या सायकलीच्या चाकांविषयींच मी आज बोलणार आहें.

आपली काळी, उंच सायकल आठवा. तिची रिम पोलादाची, आणि सळयांच्या ब्रेकचीं रबरें तिच्या आंतल्या अंगाला लागणारीं. पोलाद झिजत नाहीं म्हटलें तरी चालेल. मात्र तें भिजलें कीं ब्रेक लागतां लागत नाहीं, हें आषाढांत आपण सर्वांनीं अनुभवलें आहे. ॲल्युमिनियमच्या रिमवर पावसांतही ब्रेक बरा लागतो, म्हणून हलक्या सायकलींनीं तिला पत्करलें. पण धातु मऊ. त्यांत तिकडचा हिंवाळा! चेशायर परगण्यांत विन्सफर्ड येथें १८४४ सालीं सुरू झालेली सैंधवाची मोठी खाण आहे. बर्फ धरण्याची रात्र आली कीं अशा खाणींतलें मातकट मीठ लॉऱ्यांतून रस्त्यांवर पसरतात. त्यानें बर्फ धरत नाहीं हें खरें. पण वाळू, मीठ आणि पाणी यांचा पातळ चिखल महिनोन्‌महिने चाकावर उडत राहतो. ही वाळू ब्रेकच्या रबरांत रुतून बसते, आणि मग प्रत्येक वेळीं ब्रेक दाबणें म्हणजे रिम सहाणेवर घांसणें होय. नव्या रिमची भिंत साधारणपणें दीड मिलिमीटरच्या आसपास जाड असते. आंत हवेचा दाब चौरस इंचाला ८० ते १०० पौंड. मोटारीच्या टायरांत तो ३०-३५ असतो. भिंत झिजत जाते, दाब तोच राहतो, आणि एके दिवशीं भिंत हरते.

तेव्हां पहिली गोष्ट ही कीं अशा सायकलीला रिम ही टिकाऊ वस्तु नव्हेच. टायरासारखीच ती झिजून जाणारी, आणि तसें समजूनच ती विकत घ्यावी. चांगल्या रिमवर ब्रेक लागतो तेथें बारीक खोबण किंवा टिंब कोरलेलें असतें. तें दिसेनासें झालें कीं रिमचें आयुष्य सरलें. खूण नसेल तर लोखंडी पट्टी रिमच्या बाजूवर आडवी धरावी. पट्टीखालीं मध्यें पोकळी दिसूं लागली म्हणजे भिंत खोलगट झाली. माझ्या रिमला खूण होती असें मागाहून कळलें. ती पाहावयाची असते हेंच मला ठाऊक नव्हतें!

रिम झिजणारच, मग टिकाऊ चाक कोणतें? माझ्या मतें, ज्याचा एकेक भाग वेगळा काढून बदलतां येतो तें. येथें आऱ्यांचा, म्हणजे स्पोकांचा, प्रश्न येतो. बैलगाडीच्या चाकांत भार खालच्या लांकडी आऱ्यावर दाबून पडतो. सायकलीच्या तारा मुळांतच ताणलेल्या; खालीं आलेल्या तारेचा ताण भारामुळें थोडा कमी होतो आणि ती वर गेली कीं पुनः भरून येतो. जॉब्स्ट ब्रँट ह्या अमेरिकन अभियंत्यानें १९८१ सालच्या आपल्या ‘द बायसिकल व्हील’ ह्या पुस्तकांत हें फार सुबोध रीतीनें मांडलें आहे. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक तार एकदां सैलावते व एकदां ताणते. रोड बाइकचें चाक एका फेऱ्यांत सुमारे २.१ मीटर जातें. जाऊन-येऊन १६ किलोमीटरांचा रस्ता धरला तर दिवसाला साडेसात हजारांवर फेरे झाले. अशानें तार तुटते ती बहुधा हबपाशीं जेथें वांकवलेली असते तेथें, आणि तीही मागील चाकांत, दातऱ्यांच्या बाजूला. कारण त्या बाजूला तारा अधिक ताणाव्या लागतात.

शर्यतीच्या चाकांना १६, २० किंवा २४ तारा असतात. दिसावयास तीं देखणीं. पण त्यांतील एक तार तुटली कीं चाकाला एवढा मोठा आऊट येतो कीं रिम ब्रेकला घांसूं लागते आणि सायकल हातांत धरून घर गांठावें लागतें. ३२ किंवा ३६ तारांच्या चाकांत एक तुटली तरी मनुष्य हळूहळू कां होईना, कामावर पोंचतो. आपल्या जुन्या सायकलींना पुढें ३२ आणि मागें ४० तारा असत. तें उगीच नव्हतें. तारा गंज न धरणाऱ्या पोलादाच्या, आणि जमल्यास मध्यें बारीक व टोकांशीं जाड अशा घ्याव्या. बारीक भाग किंचित् ताणून धक्का सोसतो आणि वांकलेल्या टोकावरचा त्रास कमी करतो. निपल पितळीच मागावें. ॲल्युमिनियमचें निपल कांहीं ग्रॅम हलकें असतें खरें, पण मिठाच्या पाण्यांत पोलादी तारेशीं त्याचें जमत नाहीं. तें कुजतें किंवा तारेला असें धरतें कीं आऊट काढावयास घेतला तर गोलच होऊन जातें. हा फरक पैशानें अगदीं थोडा, पण दुकानदार आपण होऊन सांगत नाहीं.

हबाविषयीं दोन मतें आहेत. एक कप-कोनचा जुना प्रकार, सुटे छर्रे आणि ग्रीस. दुसरा बंद बेअरिंगचा. पहिला हातानें उघडतां येतो. हिंवाळ्यापूर्वीं आणि नंतर एकदां साफ करून ग्रीस भरलें तर पुष्कळ वर्षें जातो. मात्र कप हबांतच ठोकलेला असतो, आणि दुर्लक्षानें त्याला खड्डे पडले कीं हब गेला. बंद बेअरिंग खराब झालें तर काढून त्याच मापाचें दुसरें बसवतां येतें. ज्याला रविवारीं हात काळे करण्याची हौस आहे त्यानें पहिला घ्यावा, इतरांनीं दुसरा. मी पहिला घेतला, आणि खोलीच्या मालकिणीचा गालिचा दोनदां खराब केला.

म्हणून माझा सल्ला असा. मध्यम प्रतीचा हब, साधी ३२ तारांची रिम, पितळी निपलें, आणि हें सर्व हातानें बांधून देणारा कारागीर. असे कारागीर तिकडे अजून आहेत, आणि यंत्रानें बांधलेलें चाकही त्यांच्याकडून पुनः ताणून घेतां येतें. रिम झिजली कीं त्याच जातीची दुसरी रिम जुन्या रिमला चिकटवून धरतात आणि एकेक तार इकडून तिकडे नेतात. हब तोच, आणि बहुधा तारा त्याच. खर्च काय तो रिमचा आणि मजुरीचा. उलट कंपनीच्या खास घडणीच्या चाकांत तारा वेगळ्या, रिम वेगळी, आणि पांच वर्षांनीं तीं मिळतील याचा भरंवसा नाहीं. कार्बनच्या रिमचें तर नांवच नको. एका जोडीच्या किंमतींत हिंवाळ्यापुरती सबंध सायकल येईल, आणि रिमवर ब्रेक लागणारा असेल तर पावसांत तो ॲल्युमिनियमवर लागतो तसा लागत नाहीं.

नवीच सायकल घेणाऱ्यानें मात्र डिस्क ब्रेकचा विचार अवश्य करावा. रस्त्यावरच्या शर्यतींत तो २०१८ सालीं कायमचा मान्य झाला. त्यांत झिजते ती हबावरची तबकडी. रिमला ब्रेक लागतच नाहीं. पण जुन्या सायकलीच्या सांगाड्याला तो बसवावयास जागा नसते, आणि जुनी सायकल घेणारा तर पैसे वांचवावयासच ती घेत असतो. टायर सांगाड्यांत मावेल तर २३ मिलिमीटरांऐवजीं २८ चा घालावा. हवा कमी भरून चालते आणि खड्ड्याचा दणका रिमवर कमी बसतो. कामावरून परतल्यावर रिम आणि ब्रेकचीं रबरें ओल्या फडक्यानें पुसावीं, रबरांत रुतलेले खडे सुईनें काढावे. याला पांच मिनिटें पुरतात, आणि रिम बरीच अधिक टिकते.

आपल्या घरचें कोणी तिकडे सायकल चालवीत असेल, तर पुढील वेळीं टेलिफोनवर थंडी किती आहे हें विचारून झाल्यावर एवढें आणखी विचारा, कीं पुढच्या रिमवरची खोबण अजून दिसते का?