पडद्यावरचे विमान आणि समुद्रावरचा डेक



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयापासून अर्थसंकल्पापर्यंत सारे विषय निघतात, तेथे मुलांच्या संगणकावरील विमानाचा खेळ कशाला, असे कोणी विचारले तर ते गैर नव्हे. परंतु घराघरांतून जे चालले आहे त्याकडे पाठ फिरवून आपण काही शहाणे होत नाही. तेव्हा तो खेळ आहे तरी काय, हे प्रथम पाहू.

या खेळांत दोन जाती आहेत. एकीत कळ दाबली की गोळी सुटते आणि शत्रू पडतो. तिच्याविषयी मला बोलावयाचे नाही. दुसऱ्या जातीत खऱ्या विमानाची हुबेहूब नक्कल असते. 'डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर' या नावाच्या खेळात २०१८ साली अमेरिकन नौदलाचे हॉर्नेट विमान आले, आणि २०२० साली ते ज्यावर उतरते ते अवाढव्य विमानवाहू जहाजही आले. येथे इंजिन चालू करावयाचे तर कळा क्रमाने दाबाव्या लागतात. क्रम चुकला की विमान जागचे हलत नाही. शेकडो पानांची पुस्तिका वाचल्यावाचून गत्यंतर नाही. पाठ्यपुस्तक पाहून जांभया देणारा मुलगा ही पुस्तिका रात्री जागून वाचतो, याचा विचार शिक्षकांनीही करावा.

नकलेने विमान शिकविण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. एडविन लिंक या अमेरिकन तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि यांत्रिक पियानो बनविण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीला असतो तसा भाता त्या वाद्यांनाही असे. त्याच भात्यांवर लिंकने १९२९ च्या सुमारास एक लाकडी विमान बसविले. दांडा हलविला की ते डुलत असे, वळत असे. लोकांनी त्याला जत्रेतले खेळणे मानले. १९३४ साली अमेरिकन सैन्याने हवाई टपाल वाहण्याचे काम हाती घेतले आणि वाईट हवेत अनेक वैमानिक प्राणास मुकले, तेव्हा कोठे ते खेळणे शाळा झाले. खेळ आणि शाळा यांतील भिंत किती पातळ असते, ते यावरून दिसते.

आता जहाजावर उतरणे म्हणजे काय ते पाहा. धावपट्टी जागची हलत असते, डुलत असते, आणि विमानतळाच्या मानाने ती हातभर म्हणावी इतकीच. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात तो अडकावा लागतो. डेकच्या कडेला दिव्यांची योजना असते. मधला पिवळा दिवा हिरव्या ओळीच्या वर दिसला तर आपण उंच आहोत, खाली दिसला तर धोका. मूळची आरशाची योजना निकोलस गुडहार्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने काढली. आणि सर्वांत नवल असे की, चाके टेकताच वैमानिक वेग कमी करीत नाही, इंजिन पूर्ण जोराने सोडतो! कारण आकडा हुकला तर त्याच क्षणी पुन्हा उडता आले पाहिजे. अपयशाची तयारी यशाच्या क्षणीच ठेवावयाची, हा धडा केवळ वैमानिकांपुरता नाही.

हा पराक्रम आपल्याला परका नाही. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे 'विक्रांत' भारतीय नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्यावर सी हॉक हे जेट विमान उतरविले. पुढे ते नौदलप्रमुख झाले. अगदी अलीकडे, ११ जानेवारी २०२० रोजी, कमोडोर जयदीप मावळणकर यांनी देशात बनलेले तेजसचे नाविक विमान 'विक्रमादित्य'वर उतरविले. तत्पूर्वी त्या विमानाचा सराव गोव्यात हंसा तळावर झाला. तेथे जमिनीवरच जहाजाच्या डेकची प्रतिकृती उभारलेली आहे, चढणीसह आणि दोरांसह. म्हणजे खरे वीरही आधी नकलेवरच शिकतात.

मग नक्कल आणि खरे यांत अंतर कोठे? माझ्या मते ते एका कळेत आहे. खेळात विमान समुद्रात पडले की 'पुन्हा सुरू' ही कळ असते. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांतवरून उडालेल्या सी हॉकनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले, तेव्हा कोणापाशीही ती कळ नव्हती. त्याच युद्धात १० डिसेंबरला पश्चिमेच्या समुद्रावर नौदलाचे एक अलिझे विमान पाडले गेले. त्यात तिघे होते. तिघांच्या घरी पुन्हा काही सुरू झाले नाही. जो मुलगा दहा वेळा पडून अकराव्यांदा डेकवर उतरतो, त्याला पालकांनी ही गोष्ट सांगावी. खेळ हिरावून घेण्यापेक्षा त्याला वजन देणे अधिक हिताचे.

आणि एक आपल्याविषयी. १९९७ साली निवृत्त झालेली विक्रांत २०१२ पर्यंत याच शहरात संग्रहालय म्हणून उभी होती. आपल्यापैकी कितीजणांनी तिच्या डेकवर पाऊल ठेवले? २०१४ साली ती भंगारात विकली गेली आणि दारुखान्यात तिचे तुकडे झाले. परक्या देशांच्या जहाजांचा दिवान्‌दिवा पडद्यावर जपला जातो, आणि आपल्या जहाजाचे लोखंड आपण वजनावर मोजले. गोव्यात बोगमाळ्याला नौदलाच्या विमानांचे संग्रहालय आहे. तेथे जुनी विमाने पाहावयास मिळतात. पण दांडा कसा धरावा, डेक डुलत असता मन कसे आवरावे, हे लोखंडात राहत नाही. ते त्या विमानांतून उडालेल्या माणसांपाशी असते, आणि ती माणसे आता वृद्ध झाली आहेत.

आपल्या माहीम-दादरच्या मुलांपैकी अनेकजण संगणकाच्या विद्येत प्रवीण आहेत. त्यांतील चार जणांनी या वृद्ध वैमानिकांच्या पायांशी बसून विचारपूस करावी, आणि विक्रांतचा डेक पडद्यावर पुन्हा बांधावा. तो खेळ म्हणून खेळला गेला तरी हरकत नाही. खेळता खेळता एखादा मुलगा थांबून विचारील, "हे जहाज कोठे आहे?" त्या वेळी उत्तर देणारे आपण असावे, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.