चित्रपट घरी आला, पण रांग मोडली का?

(हिंगोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाची संहिता)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. सोयाबीनचा भाव, पीकविमा, जिल्हा परिषदेच्या शाळांची घटती पटसंख्या असे प्रश्न समोर असताना, नवा चित्रपट घरबसल्या किती दिवसांनी पाहायला मिळतो याची चिकित्सा समाजवादी कार्यकर्त्याने का करावी? माझे उत्तर साधे आहे. संध्याकाळी सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या कोणत्याही खेड्यात जा. पारावर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या हातात एक लहानसा पडदा उजळलेला दिसेल. ज्या वस्तूसाठी कष्टकरी माणूस आपल्या विश्रांतीचे तास खर्च करतो, तिची मालकी कोणाची, किंमत कोण ठरवतो आणि वाटप कसे होते, याचा विचार करणे हे अर्थशास्त्राचे काम आहे. म्हणूनच ते पक्षाचेही काम आहे.

प्रथम जुनी व्यवस्था आठवू. माझ्या विद्यार्थिदशेत मुंबईत प्रदर्शित झालेला चित्रपट मराठवाड्याच्या लहान गावात यायला कित्येक महिने लागत. त्याला आर्थिक कारण होते. चित्रपटाची प्रत फिल्मच्या रिळांवर निघे, ती महाग असे, आणि वितरक मोजक्याच प्रती काढी. त्या आधी मोठ्या शहरांत चालत, मग जिल्ह्याच्या गावी येत आणि शेवटी ओरखडे पडलेली, मधूनमधून तुटणारी रिळे जत्रेतल्या तंबूत पोहोचत. म्हणजे नव्या चित्रपटासाठी एक रांग होती, आणि त्या रांगेत माणसाचे स्थान त्याच्या गावावरून ठरत असे. मुंबई पहिली, आपण शेवटचे.

ही रांग प्रथम मोडली ती व्हिडिओने. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हीसीआर आला. त्या काळचे दृश्य आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गल्लीतली मंडळी वर्गणी काढत, एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणत आणि पहाटेपर्यंत ओसरीवर बसून चित्रपट पाहत. त्यांतल्या कित्येक कॅसेटी चोरट्या असत, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा कडक करावा लागला तो याच कारणाने. परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. ते पाहणे घरातले असले तरी एकट्याचे नव्हते. खर्च सामुदायिक होता, आनंदही सामुदायिक होता. आणि टॉकीजची पायरी कधी न चढलेल्या अनेक बायकांनी पहिला नवा चित्रपट पाहिला तो अशा ओसरीवर.

आता आजच्या काळाकडे येऊ. रिळे गेली. संगणकीय प्रत एकाच शुक्रवारी मुंबईलाही पोहोचते आणि नांदेडलाही. एक प्रत अधिक काढण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. शिवाय एकाने चित्रपट पाहिल्याने दुसऱ्याच्या वाट्याचा चित्रपट कमी होत नाही. मग अर्थशास्त्राच्या न्यायाने गावाची रांग संपली तशी रांगच संपायला हवी होती. ती संपली नाही. तिचा निकष तेवढा बदलला. पूर्वीची रांग गावाची होती, आजची रांग खिशाची आहे.

हे कसे घडते ते पाहा. चित्रपट आधी चित्रपटगृहात आणि काही आठवड्यांनी घरच्या पडद्यावर, असा क्रम व्यापाऱ्यांनी ठरवून घेतला आहे. हिंदी चित्रपटांबाबत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांची अट आठ आठवड्यांची होती; महासाथीच्या काळात ती चार आठवड्यांवर आली आणि ऑगस्ट २०२२ पासून पुन्हा आठवर गेली. हा काळ तंत्राच्या गरजेने ठरलेला नाही. अर्थशास्त्रात याला मूल्यभेद म्हणतात. जो उतावीळ आहे आणि ज्याच्याजवळ पैसा आहे, त्याच्याकडून पहिल्या आठवड्यात भरपूर घ्यावे. जो थांबू शकतो किंवा ज्याला थांबण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्याकडून नंतर थोडे घ्यावे. चित्रपट काढणाऱ्याचा खर्च निघाला पाहिजे, त्यावर शेकडो तंत्रज्ञ व कामगारांचे पोट आहे, हे मला मान्य आहे. परंतु प्रतीक्षेचा काळ कोणी ठरवावा आणि कोणाच्या सोयीने, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

२०२५ मध्ये या क्रमाला एक वेगळे वळण मिळाले. आमिर खान यांनी ‘सितारे जमीन पर’ हा चित्रपट २० जून रोजी चित्रपटगृहांत आणला आणि बरोबर सहा आठवड्यांनी, १ ऑगस्टला, तो यूट्यूबवर १०० रुपये भाड्याने उपलब्ध केला. मासिक वा वार्षिक वर्गणीची अट नव्हती. पाहायचा त्याने तेवढ्यापुरते पैसे भरायचे. या योजनेला ‘जनता का थिएटर’ असे नाव देण्यात आले.

याचा ताळेबंद प्रामाणिकपणे मांडू. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातून चौघांचे कुटुंब नांदेडला चित्रपट पाहायला निघाले, तर चार तिकिटे, जाण्यायेण्याचे भाडे आणि बाहेरचे खाणे धरता, एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट असूनही हजार रुपयांच्या आत हिशेब बसणे कठीण. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे एका चित्रपटासाठी तीन दिवसांची मजुरी, आणि बुडालेला दिवस वेगळाच. त्याच्या तुलनेत १०० रुपयांत चौघे, म्हणजे माणशी २५ रुपये. हा लाभ खरा आहे. जुन्या टॉकीजच्या आठवणींनी गहिवरून जे घरच्या पडद्याला नावे ठेवतात, त्यांनी तान्ह्या मुलाच्या आईला, गुडघे धरलेल्या म्हातारीला आणि परवानगीवाचून उंबरठा ओलांडू न शकणाऱ्या सुनेला एकदा विचारून पाहावे.

परंतु ताळेबंदाला दुसरी बाजूही असते. घरचा पडदा फुकट नाही. फोन आपण घ्यायचा, डेटा आपण भरायचा. आणि जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकाच वेळी दर वाढवले तेव्हा ग्राहकाला दाद मागायला जागा नव्हती. करांचे पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चित्रपटगृहातल्या १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. घरी आंतरजालावरून पाहण्याच्या सेवेवर मात्र तो १८ टक्के. ज्याच्या जवळपास टॉकीजच नाही, त्याने अधिक कर भरायचा! आणि घरात फोन एकच असेल तर तो कोणाच्या हातात राहतो, हे मी सांगायला नको.

मालकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०२३ मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्स या दोन सर्वांत मोठ्या साखळ्या एक झाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे माध्यम व्यवसाय एकत्र आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झाले. चित्रपटगृहाचा पडदा आणि घरचा पडदा, दोन्हीकडे एकवटण्याचीच प्रक्रिया चालू आहे. कोणता मराठी चित्रपट विकत घ्यायचा, तो किती दिवस ठेवायचा आणि कधी काढून टाकायचा, हे मुंबईतल्या कार्यालयात ठरते. न विकला गेलेला मराठी चित्रपट पैसे देण्याची तयारी असणाऱ्यालाही दिसत नाही.

येथे कोणी म्हणेल, मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणावे, प्रश्न सुटला. २०२३ च्या चलच्चित्र दुरुस्ती कायद्याने अशा चोरीला किमान ३ महिने व कमाल ३ वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड ठेवला आहे. पण मी केवळ कायद्याच्या भीतीने बोलत नाही. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल बुडवणे हा समाजवादाचा मार्ग नव्हे. त्याचबरोबर २०१६ चा ‘सैराट’ही आठवा. प्रदर्शनानंतर काही दिवसांतच त्याच्या चोरट्या प्रती फिरू लागल्या, तरीही गावोगावी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. प्रत खिशात असणारेही टॉकीजकडे धावले, कारण तो चित्रपट त्यांना आपल्या माणसांबरोबर पाहायचा होता. घरचा पडदा आला म्हणून सामुदायिक पाहणे मेले, हा समज त्यामुळे खरा नाही. ते मरते ते दराने आणि पडद्यांच्या अभावाने. चीनमध्ये ८० हजारांहून अधिक पडदे आहेत. आपल्या देशात जेमतेम दहा हजारांच्या आसपास, आणि तेही मोठ्या शहरांत दाटलेले.

मग करायचे काय? पुस्तकांच्या बाबतीत आपण काय केले ते आठवा. पुस्तक विकत घेणाऱ्यासाठी दुकान राहिले. पण ज्याला ते परवडत नाही त्याच्यासाठी गावोगाव वाचनालये उभी राहिली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने शासनाने त्यांची जबाबदारी घेतली. लेखकाचे त्यात नुकसान झाले नाही, वाचक मात्र वाढला. चित्रपटाला असे वाचनालय का नसावे? केरळ शासनाने ७ मार्च २०२४ रोजी ‘सीस्पेस’ हा स्वतःचा मंच सुरू केला; तेथे पाहिलेल्या चित्रपटापुरते, ७५ रुपये, आकारण्याची पद्धत ठेवली. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ज’ सुरू केले आहे. अशक्य असे यात काही नाही.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, ज्या मराठी चित्रपटाला शासनाचे अनुदान मिळते, तो ठरावीक मुदतीनंतर सार्वजनिक मंचावर अल्प दरात उपलब्ध करण्याची अट अनुदानातच असावी. जनतेच्या पैशाने निघालेल्या चित्रपटावर जनतेचा काही हक्क असलाच पाहिजे. दुसरी, नगरपरिषदांची सभागृहे आणि गावची वाचनालये येथे रीतसर परवाना घेऊन, दहा-वीस रुपयांत, महिन्यातून दोन खेळ व्हावेत, आणि त्यांतला एक स्त्रियांच्या सोयीच्या वेळी असावा. तिसरी, १०० रुपयांपर्यंतच्या घरच्या भाड्यावरील कर चित्रपटगृहाइतकाच करावा.

यांतली पहिली व तिसरी मागणी मुंबई-दिल्लीकडे करावी लागेल. दुसरीसाठी मात्र कोणाची वाट पाहण्याची गरज नाही. याच जिल्ह्यातल्या नर्सीला नामदेवांचे जन्मस्थान मानतात, आणि कीर्तन ही एकट्याने घरात बसून ऐकायची गोष्ट नाही हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ओसरीवर वर्गणी काढणारी ती गल्ली अजून आहे, तिला आपण परत एकत्र बोलवायचे आहे. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येक तालुक्याच्या साथींनी आपल्या गावात वापराविना पडलेले सभागृह कोणते, त्याचे भाडे किती आणि किल्ली कोणाकडे असते, एवढी माहिती लिहून आणावी. चर्चा आपण तेथून सुरू करू.