आय वॉज मिस्टेकन



दहावीत माझा इंग्रजी निबंध वाचून बाईंनी विचारले, "कुणाचा उतरवलास?" मी मान खाली घातली. चार दिवसांनी त्यांनी दुसरा निबंध वर्गातच लिहून घेतला, वाचला आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "आय वॉज मिस्टेकन."

मागच्या बाकावरून कोणीतरी अर्थ सांगितला, "बाईंबद्दल गैरसमज झाला."

बाई हसल्या. "नाही रे. रूप कर्मणी दिसते, पण चूक माझीच. 'मिस' म्हणजे चुकीचे, 'टेक' म्हणजे घेणे. मीच चुकीचा अर्थ घेतला. लोकांनी मला चुकीचे समजले असते, तर 'मिसअंडरस्टुड' म्हटले असते." मग फळ्यावर लिहिले: 'मिस्टेकन बिलीफ', चुकीची समजूत, 'मिस्टेकन आयडेंटिटी', एकाला दुसराच समजणे.

पुढे कचेरीत 'इफ आय अ‍ॅम नॉट मिस्टेकन' मी शेकडो वेळा लिहिले. 'इफ' आणि 'नॉट' गाळून तेच वाक्य हाताखालच्या एका माणसाला सांगायची वेळ आली, तेव्हा मात्र गप्प बसलो. तो बदली घेऊन निघून गेला.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. व्याकरण तेव्हाच कळले होते, धडा उशिरा कळला. गेल्या आठवड्यात त्या माणसाला पत्र टाकले. पहिले वाक्य तुमचेच आहे.