घरी बसून विद्येचे काम



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी मोठमोठे विषय ऐकण्याची सवय मराठी शहरांना लागली. आजचा आमचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. संशोधन करणाऱ्या माणसाला घरी बसून, दिवसाचे तीन-चार तास देऊन, चार पैसे मिळवता येतील काय, आणि मिळवावेत ते कोणत्या रीतीने, एवढाच तो विषय. पण घरगुती प्रश्न लहान असतात असे आम्ही मानत नाही. ज्या घरात पोटाचा प्रश्न सुटत नाही, तेथे प्रबंधही पुरा होत नाही.

मरोळात हा विषय काढावा, याला कारण आहे. हे एके काळचे शेतीवाडीचे गाव. पुढे औद्योगिक वसाहत आली, १९७३ साली शेजारी सीप्झ उभे राहिले, आणि आता मरोळ नाक्यावर मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांना भेटतात. एका बाजूला पवईची आयआयटी, दुसऱ्या बाजूला कालिन्याचे विद्यापीठ. साहजिकच आपल्या इमारतींतून आणि चाळींतून पीएच.डी. करणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. शेजाऱ्यांना मात्र त्यांचे काम कळत नाही. ‘एवढी शिकली, पण अजून नोकरी नाही,’ असे आपण म्हणतो आणि पुढे जातो.

त्यांची स्थिती काय आहे ती पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. ती चांगलीच आहे. पण ती मिळते थोड्यांना, आणि मिळाली तरी पाच वर्षांपुरती. आयोगाचे २०२२ चे नियम प्रबंधाला सहा वर्षे देतात, त्यावर दोन वर्षांची सवलत देतात, आणि स्त्रियांना आणखी दोन. म्हणजे वर्षे मिळतात, पण त्या वर्षांचा खर्च कोणी देत नाही. मग तासिका तत्त्वावर एखाद्या महाविद्यालयात शिकवायचे. तेही सत्र चालू असेल तोवर. सुट्टी लागली की उत्पन्न बंद. ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेले वडील आहेत, त्यांना तेवढेही साधत नाही. अशा माणसाला घरबसल्या मिळणारे अर्ध्या वेळेचे काम हाच काय तो आधार.

येथे कोणी म्हणेल, की आपल्या मोठ्या विद्वानांनी कोठे सोयी मागितल्या होत्या? शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ लिहिले. ते १८९६ साली प्रसिद्ध झाले. महामहोपाध्याय काणे यांनी उच्च न्यायालयात वकिली केली आणि १९३० ते १९६२ एवढ्या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड पुरे केले. हे खरे आहे, आणि आम्हांला त्याचा अभिमान आहे. पण ही उदाहरणे नीट वाचली पाहिजेत. दीक्षितांना पगार होता, काण्यांना वकिली होती. त्यांनी फावल्या वेळात विद्या केली, पोट विद्येवर टाकले नाही. शिवाय दीक्षितांच्या ग्रंथामागे दक्षिणा प्राइझ कमिटीने जाहीर केलेले बक्षीस होते. तेव्हा त्यांची नावे सांगून आजच्या मुलीला ‘तूही उपाशीपोटी कर’ म्हणणे हा त्या थोरांचा गौरव नव्हे. त्यांच्यापाशी जी सोय होती ती हिच्यापाशी नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

घरी बसून मोबदल्याने करायचे विद्येचे काम मराठीत नवे नाही. विश्वकोशाचेच पाहा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला हे कार्य उभे केले, पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली. या खंडांतल्या नोंदी काही सगळ्या वाईत बसून लिहिल्या गेल्या नाहीत. गावोगावच्या तज्ज्ञांनी आपापल्या घरी नोंदी लिहिल्या, वाईला पाठवल्या, संपादकांनी त्या तपासल्या, आणि नोंदीखाली लेखकाचे नाव छापले. आताही विश्वकोशाच्या निरनिराळ्या विषयांच्या ज्ञानमंडळांसाठी नोंदी लिहिल्या जातात. विलायतेतही असेच झाले. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशासाठी जेम्स मरे यांनी १८७९ साली वाचकांना आवाहन केले, आणि घरोघरच्या वाचकांनी पुस्तकांतली उदाहरणे चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली. त्या वाचकांना पैसे मिळत नव्हते. मात्र चिठ्ठ्या लावून देण्याबद्दल मरे आपल्या मुलांना खाऊचे पैसे देत! घरच्या मुलांनाही फुकट राबवू नये, एवढे त्या कोशकाराला कळत होते.

आता प्रत्यक्ष कामे सांगतो. पहिले मोडीचे. मराठी राज्याचे दप्तर, देवस्थानांचे कागद, जुनी खरेदीखते, गावचे महसुली दाखले हे सारे मोडीत आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधण्यास आरंभ केला, तेव्हा मोडी वाचणारा माणूस किती मोलाचा आहे ते सरकारलाही कळले आणि जनतेलाही. कागदाची छायाचित्रे आता घरी पाहता येतात. पण हे काम सबुरीचे आहे. सराईत कारकुनाचे अक्षर भराभर लागते; एखाद्या घाईत लिहिलेल्या पत्राला मात्र संध्याकाळ जाते, आणि एक नाव चुकीचे लागले तर कोणाच्या तरी हक्काला धक्का बसतो.

दुसरे सूचीचे. मराठीतील कितीतरी उत्तम ग्रंथांना शेवटी सूची नाही. पाचशे पानांच्या ग्रंथात ‘मलिक अंबर’ कोठे आला ते पाहायचे तर पाचशे पाने चाळावी लागतात. सूची करणे म्हणजे शब्द उपटून वर्णानुक्रमाने लावणे नव्हे. ते यंत्रही करील. ‘शेतसारा’ आणि ‘जमीनमहसूल’ एकाच जागी आणणे, एका नावाची दोन माणसे वेगळी ठेवणे, नुसता उल्लेख आणि खरी चर्चा यांतला फरक ओळखणे, याला विषय जाणणारा माणूस लागतो.

तिसरे मुलाखती उतरवण्याचे. समाजशास्त्राचे, आरोग्याचे, लोकसाहित्याचे संशोधक तास-तास बोलणी ध्वनिमुद्रित करून आणतात. ती उतरवायची, आणि पुष्कळदा इंग्रजीत न्यायची. यंत्र आता कच्चा मसुदा देते, पण मालवणी, वऱ्हाडी, आगरी किंवा आपल्या मरोळच्या ईस्ट इंडियन लोकांची बोली आली की ते अडखळते. ज्याच्या कानाला बोली ठाऊक आहे त्याची येथे गरज पडते. एक पथ्य मात्र पाळावे. ते दुसऱ्याच्या सुखदुःखाचे बोलणे आहे. घरात चारजण बसले असताना ते मोठ्याने लावू नये.

याखेरीज शोधनिबंधांची भाषा तपासणे, पाठ्यपुस्तकांचे अनुवाद, आकडेवारीची छाननी, दूरशिक्षणाचे पाठ लिहिणे, यंत्राने केलेल्या भाषांतरातील चुका दाखवणे ही कामे आहेतच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या दर्जाचे चीज व्हायचे असेल तर जुन्या पोथ्यांचे पाठ सिद्ध करायला हात लागतील, आणि ते हात नुसत्या मानपत्रांवर चालणार नाहीत.

पण या बाजारात खोटी नाणीही आहेत. ‘घरबसल्या कमवा, आधी नोंदणीची रक्कम भरा,’ असे जो म्हणतो तो काम देणारा नसतो. खरा काम देणारा पैसे देतो, घेत नाही. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

दुसरे खोटे नाणे याहून घातक आहे, कारण ते खणखणीत वाजते. दुसऱ्याचा प्रबंध लिहून देण्याचे हे काम. त्यात पैसा लवकर मिळतो, आणि ज्याला भाषा येते व भूक आहे त्याच्याकडे ही मागणी हमखास येते. आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याचे नियम केले, पण ते उतारे पकडतात. भाड्याने लिहिलेला स्वतंत्र प्रबंध त्या चाळणीतून सुटतो. तो ज्याच्या नावावर जातो तो उद्या प्राध्यापक होतो, आणि ज्याने लिहिला त्याच्या पुढची जागा त्याच्याच लेखणीने भरली जाते. भाषा तपासावी, अर्थ सुचवू नये. चूक दाखवावी, प्रकरण लिहू नये. ही रेघ बारीक असली, तरी लिहिणाऱ्याला ती नेमकी ठाऊक असते.

घरकामाला प्रतिष्ठा कशाने येते, याचे उत्तर मुंबईने विद्वानांच्या आधी गृहिणींकडून मिळवले आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढचे लिज्जत. या संस्थेच्या भगिनी केंद्रावरून मळलेले पीठ घरी नेतात, लाटलेले पापड परत आणतात, ते तपासले जातात, तोलले जातात आणि मजुरी हातात पडते. दर ठरलेला, माल पारखलेला, आणि लाटणारी बाई मोलकरीण नव्हे, संस्थेची भागीदार. घरी बसून काम करूनही ती एकटी नाही, हे त्यातले मर्म आहे. आमचा संशोधक नेमका येथेच दुबळा आहे. तो घरी एकटा. दर तोच सुचवणार, तोच उतरवणार. पैसे थकले तर विचारायला संकोचणार. आणि छापील पानावर त्याचे नाव नसणार.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. आधी नमुन्याची पाच पाने करून घड्याळ पाहावे, आणि मग दर सांगावा. पानाचा दर वेळ मोजल्याशिवाय कबूल करू नये. काम, मुदत, मोबदला आणि श्रेयनाम ही चारही लेखी घ्यावीत. आणि शिष्यवृत्ती चालू असेल तर बाहेरचे मानधन घेण्याला नियमांची आडकाठी असते, तेव्हा विद्यापीठाला विचारल्याशिवाय काहीही स्वीकारू नये. शक्य तोवर आपल्या विषयाजवळचेच काम घ्यावे. मराठेशाहीवर लिहिणाऱ्याने मोडीचे कागद वाचले तर मजुरीही मिळते आणि प्रबंधही पुढे सरकतो.

आणि नागरिकहो, काही गोष्टी आपणही पाळाव्यात. ‘ती घरीच तर असते’ हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. घरी असणारीला गॅसचा सिलिंडर घ्यायला बोलावतात, शेजारच्या मुलाला सांभाळायला बोलावतात, पाहुणे आले की चहाला बोलावतात. तिचे तीन तास असे चिल्लर होऊन जातात, आणि चिल्लरीतून ग्रंथ होत नाही. बंद दार हे शिष्टपणाचे लक्षण नसून कामाचे लक्षण आहे, हे घरातल्या माणसांना पटले पाहिजे.

यापुढेही एक पाऊल टाकता येईल. मरोळ नाक्यावर गाडीत बसले की हुतात्मा चौकाला उतरून एशियाटिक सोसायटी गाठता येते. पण रोज कोण जाणार? आपल्याच वस्तीतल्या वाचनालयाने चार टेबले आणि एक वही ठेवावी. वहीत एका बाजूला काम करणाऱ्यांची नावे व विषय, दुसऱ्या बाजूला काम देणाऱ्यांची: प्रकाशक, वकील, देवस्थाने, संशोधनसंस्था. दोघांतिघांनी मिळून दर ठरवावा, एकमेकांचे काम तपासावे, थकलेले पैसे मंडळाच्या नावाने मागावेत. याला सरकारी ठराव लागत नाही. सात जण जमले तरी पुरे.

विद्येची मोठी मंदिरे बांधली जातात तेव्हा आपण वर्गणी देतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या मंदिरांना लागणारा एकेक दगड कोणाच्या तरी घरी, रात्री साडेदहानंतर, भांडी आवरून झाल्यावर घडवला जातो. त्या घडवणाऱ्याला नाव, दर आणि निवांत वेळ मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे.