चट्टा, खोकला आणि लपवाछपवी



आज दोन आजारांबद्दल बोलतो. एक दवाखान्यात नेहमी दिसणारा, दुसरा आता क्वचित दिसणारा. दोन्ही बरे होतात, दोन्हींचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तरी माणसे हातापायांनी अधू होतात, जीव गमावतात, कारण निदान उशिरा होते.

पहिला टीबी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेले वजन किंवा मानेला गाठ दिसली, की तपासणी करायचीच. आपण मात्र मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणतो. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर अम्मी खोकलाच लपवते. उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या, तर जंतू औषधाला दाद देत नाहीत. आहारासाठी सरकार महिन्याला १००० रुपये देते, तेही मागून घ्या.

दुसरा कुष्ठरोग. तो कमी दिसतो म्हणून डॉक्टरांच्याही चटकन लक्षात येत नाही. चट्टा दिसला की गजकर्णाचे मलम दिले जाते. फरक सोपा आहे. गजकर्ण खाजते. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, आणि कापसाचा बोळा फिरवला तर तिथे स्पर्श कळत नाही. असा चट्टा दिसला की थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. औषध सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते. मात्र मज्जातंतू एकदा निकामी झाला, की गेलेली बोटे औषधाने परत येत नाहीत.

हे ओळखायला मोठी पदवीच लागते असे नाही. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या बायांना त्यांनी शिकवले. त्यांतल्या अनेकजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित होत्या. त्या आपल्या गावात टीबी, कुष्ठरोग ओळखू लागल्या, लोकांची भीती घालवू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कायदाही बदलला आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याचा कुष्ठरोग हे बायकोला तलाक मागण्याचे एक कारण होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते काढले गेले. हिंदू विवाह कायद्यातूनही ते गेले. कायद्यातून गेलेला कलंक मोहल्ल्यातून घालवणे हे आपले काम आहे.

म्हणून एवढे करा. जुम्म्याच्या नमाजनंतर दोन मिनिटे मागून घ्या आणि ही लक्षणे सांगा. मोहल्ल्यातल्या आशाताईंचा नंबर जवळ ठेवा. कुणी खोकत असेल तर त्याला नुसते 'जा' म्हणू नका, सोबत जा. आणि घरात कुणाला टीबी निघाला, तर त्याचे ताट वेगळे करू नका. टीबी ताटातून पसरत नाही.